साळवेमामांचा कोरा माणूस

साळवेमामांची आणि माझी ओळख भांडणानेच झाली. आम्ही भिंगारला नवीन बिऱ्हाड केलं त्या दिवशीची गोष्ट. यांची बदली नगरला झाली होती, मला भिंगारच्याच एका शाळेत नोकरी मिळाली होती आणि सामानाचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. माझ्या माहेरचं लाकडी कपाट काही केल्या दारातून आत जाईना. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला टेम्पोवाला, आणि मधे मी 'इकडे घ्या, तिकडे घ्या' करत घामाघूम. शेजारच्या ओट्यावर खाकी अर्धी चड्डी घातलेला, चाळिशी उलटलेला एक गृहस्थ दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता आणि टक लावून बघत होता. कपाटाकडे नाही, माझ्या तोंडाकडे. माझं डोकंच फिरलं.

"नुसते बघत काय बसलात? जरा हात लावा की!" मी ओरडले.

तो गृहस्थ जागचा हलला नाही. तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून म्हणाला, "थांबा बाई. आता तुमी त्येला तिरपं करून पायाकडनं आत घेनार हाय. तुमच्या ध्यानात आलंय, फकस्त रागानं तोंडातनं निघंना."

आणि मी खरोखरच तेच सांगणार होते! कपाट आत गेलं, तेव्हा कुठे ते उठले. मग मात्र एकही शब्द न बोलता बाकीचं सगळं सामान त्यांनी जवळजवळ एकट्याने आत आणून लावून दिलं. पाणी पिताना मी विचारलं, की आधीच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं. त्यावर म्हणाले, "कपाट गेलंच असतं की. पन तुमाला काय मिळालं असतं?" मला त्यांचा राग आला होता आणि हा माणूस आहे तरी कोण, याची उत्सुकताही वाटायला लागली होती. त्या उत्सुकतेने पुढची दोन वर्षं माझी पाठ सोडली नाही.

गल्लीत सगळे त्यांना मामाच म्हणत. लष्कराच्या एका डेपोत ते पॅकिंगच्या कामाला होते. यंत्रांचे सुटे भाग, काचसामान, काय वाट्टेल ते लाकडी खोक्यात असं भरायचं, की खोकं ट्रकमधून खाली पडलं तरी आतली वस्तू हलता कामा नये. भरलेलं खोकं कानाशी धरून हलवायचं, ही त्यांची परीक्षा. ही खोड त्यांच्या हाताला इतकी जडली होती की घरीदारी जे हाती येईल ते आधी कानाशी जायचं. काडेपेटी, पिठाचा डबा, लग्नात आलेला आहेर, कशाचीही सुटका नव्हती. सकाळी शाळेला निघताना माझा जेवणाचा डबा हातातून घेऊन हलवायचे आणि सांगायचे, "वाजतोय बाई. भाजी चपातीला लागनार." लागायचीच. शेवटी मी डब्यात मधे कागद दुमडून घालायला लागले.

त्यांच्या मनातला डबा मात्र वेगळाच होता. लिलावात घेतलेल्या फुटक्या खोक्यांच्या लाकडातून ते घरी एक कोडं तयार करत होते. कंपासपेटीहून जरासा मोठा, सरकत्या झाकणाचा डबा आणि आत लाकडाचे वेडेवाकडे तुकडे, एकासारखा दुसरा नाही. सगळे तुकडे बाहेर ओतायचे आणि परत भरायचे. बरोबर भरले तरच झाकण शेवटपर्यंत सरकणार आणि डबा कानाशी हलवला तर वाजणार नाही. एवढंच मला सांगण्यात आलं होतं. डबा प्रत्यक्ष दाखवला मात्र नव्हता.

तो डबा घेऊन मामा एकदा पुण्याला एका खेळण्यांच्या दुकानात जाऊन आले होते. दुकानदाराने झाकण मागेपुढे करून पाहिलं, लाकडावरून हात फिरवला आणि विचारलं, "गिऱ्हाइकाला जमलं नाही तर तुम्ही त्याच्या घरी समजवायला जाणार का? आधी नवख्या माणसांच्या हातात देऊन बघा. चाललं तर पुढच्या दिवाळीला दुकानात मांडतो." दुसरा कोणी असता तर खट्टू झाला असता. मामा परत आले ते खुशीतच.

"त्यो बरोबर बोलला बाई," ते म्हणाले. "सारा जल्म खोकी भरली. खोक्यावर पाठवनाऱ्याचं नाव, घेनाऱ्याचं नाव. भरनाऱ्याचं कुठंच न्हाई. आता ह्यो डबा कुनाच्या तरी घरी जाईल. मी त्येला वळखत नसंन, त्यो मला वळखत नसंल. पन माझं डोस्कं आन त्येचं डोस्कं एका जागी बसंल का न्हाई? तितं मी नसताना त्येचं त्येला जमलं पायजे. येवढं एक काम माझ्या हातनं व्हावं."

झालं. तेव्हापासून मामांचा कोऱ्या माणसाचा शोध सुरू झाला. ज्याने डबा कधी उघडून पाहिला नाही, आत काय कसं बसतं ते कुणाकडून ऐकलंही नाही, तो कोरा. एकदा का त्याला झाकण लावता आलं की तो मामांच्या दृष्टीने संपला. "मानूस एकदाच कोरा असतो बाई," असं ते हळहळून सांगायचे. न्हाव्यापासून पोस्टमनपर्यंत गल्लीतला एकेक माणूस असा संपत गेला. कुणाकडे पाहुणा आला की त्याची ट्रंक खाली टेकायच्या आत मामा ओट्यावर हजर. यजमान चहा विचारायचा, मामा डबा पुढे करायचे.

त्यांची पद्धत ठरलेली होती. डबा समोर ठेवायचा, स्वतः दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचं, म्हणजे बोट दाखवायचा मोह होत नाही. तोंडात सुपारी धरायची, म्हणजे बोलायचा मोह होत नाही. समोरचा माणूस अडला, वैतागला, घामाने भिजला तरी हूं की चूं करायचं नाही. कुणी भल्या मनाने मदत करायला पुढे झाला तर मामा डोळे वटारायचे आणि मग सुपारी काढून त्याला बाजूला घेऊन सांगायचे, "अडू द्या की त्येला! अडायसाठीच तर ह्यो डबा हाय. तुमी सांगितलं तर मी इकू काय?" आणि खेळून झालेल्या माणसाने 'छान आहे' म्हटलेलं त्यांना अजिबात खपत नसे. "छान ऱ्हाऊ द्या. कुठं अडलं ते सांगा," असं म्हणून ते त्याच्या तोंडासमोर ठाण मांडून बसायचे.

मला मात्र डबा कधीच मिळाला नाही. मी मागितला तेव्हा मामांनी तो सदऱ्याखाली लपवला. "तुमी न्हाई बाई. तुमाला मी शेवटाला ठेवलंय. तुमी रागावता. रागावनारा मानूस खरं बोलतो." मग त्यांनी सगळ्या गल्लीला ताकीदच दिली, की बाईंसमोर डब्याचा विषय काढायचा नाही. आणि लोकांनीही ती काय मनावर घेतली! मी नळावर हंडा घेऊन गेले की बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या, आणि माझी पाठ फिरली की खुदुखुदू हसायच्या. शाळेतले शिपाईसुद्धा मला चुकवायचे. कहर म्हणजे आमच्या यांना मामांनी परस्पर यांच्या ऑफिसात गाठून खेळवलं होतं, आणि हे मला पत्ता लागू देईनात. लग्नानंतर यांनी माझ्यापासून लपवलेली ती पहिली गोष्ट. मी रुसले, अबोला धरला, गोडाचं करून घातलं. हे शिरा खाऊन मिशीतल्या मिशीत हसले आणि पेपर वाचायला लागले. अहो, वर्गातल्या मुली काय लपवतात ते चेहऱ्यावरून ओळखणारी मी, आणि एक अख्खी गल्ली मिळून मला अडाणी ठेवत होती.

मी जराशी आशा ठेवून होते ती अनुसयाबाईंवर, म्हणजे मामांच्या पत्नीवर. त्यांचं घर एका खोलीचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मामांची हत्यारं, आणि खिडकीशी बसून मामा तुकडे घासत असायचे. त्याच खोलीत अनुसयाबाई त्यांच्याकडे पाठ करून धान्य निवडत, नाहीतर चुलीपाशी काहीतरी करत. मी जेव्हा जाईन तेव्हा त्यांची पाठच दिसायची. मामा खेळवत असले तरी पाठ, घासत असले तरी पाठ. नवऱ्याच्या नादाला बाई विटली आहे, असं गल्लीतले सगळे म्हणत आणि मलाही तसंच वाटे. एकदा मी हळूच विचारलं, की डब्यात नेमकं आहे तरी काय. अनुसयाबाई मान न वळवता म्हणाल्या, "मला काय म्हाईत? लाकडं असतील."

मग दुष्काळ आला. विहिरी आटल्या, रेशनवर लाल मिलो, म्हणजे ती परदेशी ज्वारी, यायला लागला, त्याच्या भाकरी तुटता तुटेनात. अनुसयाबाईंचं माहेर पाथर्डीकडचं. तिकडे तर माणसं सगळीच्या सगळी दुष्काळी कामावर, रस्त्याची खडी फोडायला जात होती. सासऱ्यांना बघायला म्हणून मामा एका रविवारी एस.टी.ने पाथर्डीला निघाले. अनुसयाबाईंना पिशवीत फडक्यात बांधलेला डबा दिसला आणि त्या बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज मी माझ्या स्वयंपाकघरात ऐकला. "लोकं पान्याला तरसत्यात आन तुमी खेळनं घेऊन निघाला? लाज न्हाई वाटत?" मामांनाही ते लागलं असावं. त्यांनी डबा काढून ठेवला, परत घेतला, परत ठेवला, आणि शेवटी घेऊन गेले.

परतल्यावर त्यांनी मला सगळी हकिकत सांगितली. ती सांगतानाही त्यांची तारांबळ, कारण मला डब्यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. "मग त्या बाईनं ते... ते जे हाय ते उचललं, आन तितं... म्हंजे जितं ठिवायचं न्हाई तितं ठिवलं," अशी ती हकिकत. पण माणसं त्यांनी माझ्यासमोर जशीच्या तशी उभी केली. दुपारच्या सुट्टीत कडुनिंबाखाली खडी फोडणाऱ्या बाया बसल्या होत्या. मामा पिशवी घट्ट धरून लांबच बसले. एका बाईने विचारलं, पिशवीत काय आहे. मामांनी चोरी पकडल्यासारखा डबा बाहेर काढला.

"ह्येचा उपेग काय?" बाईने विचारलं.

"काय न्हाई," मामा म्हणाले.

"मंग आना इकडं," ती म्हणाली. "सकाळधरनं उपेगाचंच करतीया."

त्या बाईने धुळीने पांढरे झालेले हात लुगड्याला पुसले आणि तुकडे मांडीवर ओतून घेतले. बाकीच्या सगळ्या भोवती जमल्या. मामा नेहमीप्रमाणे हात मांडीखाली, तोंडात सुपारी. बाईने बघता बघता झाकण लावलं. मामा चकित. कुठं अडलं, असं विचारलं तर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अडू कशी? तुमच्या भिवया सांगत्यात की! बरूबर तुकड्याला हात घातला की वर जात्यात, चुकला की खाली येत्यात. मी डब्याकडं बघितलंच न्हाई."

मामांच्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे भिंगारमध्ये ज्यांना जमलं ते सगळेच... हात बांधले, तोंड बांधलं, आणि भिवया मोकळ्या राहिल्या! इतक्या लोकांना खेळवून त्यांनी स्वतःच्या भिवयांचीच परीक्षा घेतली होती. मला हसू आवरेना. यांना रात्री जेवताना सांगितलं तर यांचा चेहरा उतरला, कारण यांनीही झाकण झटक्यात लावलं होतं आणि महिनाभर त्या ऐटीत होते.

आता मामांनी नवा नियम केला. डबा ठेवायचा आणि आपण तिथून निघून जायचं. केडगावला त्यांची थोरली बहीण राहायची, तिला सगळे अक्का म्हणत. तिच्याकडे डबा आठवडाभर ठेवला. आणायला गेले तर झाकण लागलेलं. कानाशी हलवून पाहिला, वाजत नव्हता. आनंदाने घरी घेऊन आले, उघडून बघतात तर आतले तुकडे भलत्याच रीतीने बसलेले! मामांनी जी एकच रीत ठरवली होती ती नव्हे, दुसरीच. मामा गारच पडले. कोड्याला दुसरी वाट सापडली, म्हणजे आपलंच गणित चुकलं, असं त्यांनी धरलं. कामावरून आले की खिडकीशी बसायचे, तुकडे भरायचे, काढायचे. जेवणाकडे लक्ष नाही. आणि गंमत म्हणजे दुसरा जो डबा त्यांनी केला होता त्यात तीच रीत बसत नव्हती.

असे काही दिवस गेले. मी विरजण मागायला गेले होते. मामा डोकं धरून बसलेले, अनुसयाबाई नेहमीसारख्या पाठ करून मिलो निवडत होत्या. अचानक त्या म्हणाल्या, "अवं, लसनाचा वास कुठनं येतोय? माझ्या चुलीवर तर चा हाय."

मामांनी हातातला तुकडा नाकाशी नेला. एका कोपऱ्याला लसणाचा आणि मिरचीचा सणसणीत वास! दुसऱ्या दिवशी केडगावला जाऊन त्यांनी अक्काला विचारलं. अक्का मोकळ्या मनाने म्हणाली, "व्हय, पाट्यावर घासला जरासा. समदं बसत हुतं, झाकन तेवढं शेवटाला अडत हुतं. म्हनलं लाकूड फुगलं आसंल बिचाऱ्याचं. भावाचं काम, नीट करून द्यावं." मामांनी घरी येऊन ही हकिकत सांगितली आणि पोट धरून हसले. "बघा बाई, माझं लाकूड फुगलं म्हनती! तिला काय कळतंय?" मीही हसले. गल्लीही हसली.

पाऊस झाला, शाळा सुरू होऊन सहामाही जवळ आली, आणि एका शनिवारी दुपारी मामा माझ्या दारात उभे राहिले. हातात डबा, फडक्यात बांधलेला. "घ्या बाई. आता तुमचीच पाळी. मी पाथर्डीला चाललोय, उद्या सांजच्याला येतो. आमच्या घरात जाऊन काय इचारू नका." इतके दिवस ज्याची वाट पाहिली ती वस्तू माझ्या हातात होती. मामा वळणावरून दिसेनासे होईपर्यंत मी कशीबशी थांबले आणि फडकं सोडलं.

काय सुबक तुकडे होते! कडा इतक्या गुळगुळीत की हातातून सोडवेनात. मी पाटावर ओतले आणि बसले. आधी मजा वाटली, मग अडले, मग चिडले. हे मधे डोकवायला आले, त्यांना मी हाकलून दिलं. असं करता करता सगळे तुकडे आत बसले. मी श्वास रोखून झाकण सरकवलं. दोन बोटं राहिली आणि अडलं. एक तुकडा केसभर वर होता. दाबला, मुठीने ठोकला, झाकण परत सरकवलं, तिथेच अडलं. मग मी डबा कोनाड्यात ठेवला आणि मुलींच्या वह्या तपासायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा एस.टी.तून उतरले ते थेट आमच्याकडे. दारातूनच विचारलं, "कुठं अडलं?"

"अडले नाही मामा. मी ठेवून दिलं."

"ठिवून दिलं? का वो?"

मी खरं ते सांगितलं, "मला वाटलं माझं बरोबर जमलंय. तुमचं झाकणच नीट बसत नाही. लाकूड फुगलं असेल."

मामांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. डेपोत ज्यांच्या हातचं एक खोकं परत आलं नव्हतं, त्यांना मी सांगत होते की तुमचं झाकण बसत नाही. "माझं झाकन?" एवढंच म्हणाले, डबा उचलला आणि गेले. मला फार वाईट वाटलं. खोटं बोलायला काय जात होतं, असं यांनीही सुनावलं. चार-सहा दिवस मामा ओट्यावर दिसले नाहीत, सकाळी माझा डबा हलवायलाही आले नाहीत.

मग एका सकाळी आले, माझ्या हातातून जेवणाचा डबा घेतला, कानाशी हलवला आणि म्हणाले, "अक्काबी हेच म्हनली हुती बाई. मी हसलो तिला. तुमी दोगीबी एकाच जागी अडला, आन दोगींनाबी वाटलं, चूक आपली न्हाई, बनवनाऱ्याची हाय." मग डबा मला परत देत म्हणाले, "चूक केसाएवढी असली की मानूस ती दुसऱ्यावर ढकलतो. मला वाटायचं, जवळजवळ जमलं की झालं, यील वाटंवर. पन न्हाई. चुकलं असंल तर ढळढळीत दिसलं पायजे, की बाबा हितनं मागं फिर." त्यांनी दोन तुकड्यांची ठेवण बदलली होती. आता तीच चुकीची रीत केली तर तुकडा बोटभर वर राहायचा, आणि लाकूड फुगलंय असं मनातही यायचं नाही. मी तिथल्या तिथे करून पाहिलं. शाळेला उशीर झाला, पण झाकण सरकलं.

"पन तुमी आता संपला," मामा म्हणाले.

हे मात्र माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बदललेला डबा कुणाला तरी द्यायला हवा होता, कोऱ्या माणसाला, आणि मामांनी शेवटाला राखून ठेवलेली मी खर्ची पडले होते. दुकानदाराला दसऱ्याच्या आत नक्की सांगायचं होतं. त्या संध्याकाळी मी मामांकडे गेले आणि आम्ही दोघं एकेक नाव आठवत बसलो. हा खेळलाय. त्याने ऐकलंय. ती अक्काची शेजारीण, तिला सगळं ठाऊक. मामा थकून म्हणाले, "भिंगार संपलं बाई. ऱ्हाऊ द्या. एक वरीस आनखी."

अनुसयाबाई पाठ करून मिलो निवडत होत्या. सुपातला हात थांबला. "मला कवा इचारलंय का?" त्या म्हणाल्या.

मामा हसले. "तुला? तू तर रोज हितंच असती. समदं तुझ्या डोळ्यापुढं झालंय."

"माझ्या पाठीला डोळं हायेत का?"

अनुसयाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदाच वळून आमच्याकडे तोंड केलं. त्या मामांकडे बघत नव्हत्या, जमिनीकडे बघत बोलत होत्या. "तुमीच म्हनायचा न्हवं, मानूस एकदाच कोरा असतो? म्हनलं, आपला एकदाचा असा चुलीपाशी बसून वाया कशाला घालवावा. कवातरी इचारतील. समद्या जगाला इचारून झालं, मलाच न्हाई इचारलं."

दोन वर्षं एका खोलीत राहून ती बाई मान वळवत नव्हती, आणि आम्ही सगळे तिला नादाला विटलेली समजत होतो. मामांनी डबा उचलला, फडक्याने पुसला आणि पाहुण्यापुढे ठेवावा तसा त्यांच्यापुढे ठेवला. मग चपला घालून बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.

अनुसयाबाईंनी तुकडे पाटावर ओतले. मी समोर बसले, हात मांडीखाली घेतले. सुपारीच्या डबीतून एक खांड तोंडात टाकलं आणि भिवया दिसू नयेत म्हणून पदर कपाळावर ओढला. बाहेर मामांच्या चपला नळापर्यंत जाताना आणि परत येताना ऐकू येत होत्या. अनुसयाबाईंना कसलीच घाई नव्हती. एकेक तुकडा हातात घेऊन त्या गोंजारायच्या, डोळ्यांजवळ नेऊन बघायच्या. इतके दिवस ज्याचा नुसता आवाज ऐकला, ते त्या आत्ता पाहत होत्या. नेहमीच्या जागी त्याही अडल्या. पण तो तुकडा बोटभर वर राहिलेला पाहून म्हणाल्या, "न्हाई, हे माझंच चुकलं," आणि सगळं परत ओतलं. माझ्या तोंडून हाकच निघाली असती. सुपारीने वाचवलं.

झाकण लागलं तेव्हा बाहेर चपलांचा आवाज चालूच होता. अनुसयाबाईंनी डबा कानाशी नेऊन हलवला, अगदी मामांसारखा. वाजला नाही. त्यांचे डोळे भरून आले आणि त्या हसत होत्या. मी मामांना हाक मारायला उठले तर त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. "थांबा बाई. मी लई थांबले. त्यांनाबी थांबू द्या जरा." मग त्यांनी चुलीत लाकूड सारलं, चहाचं आधण ठेवलं, गूळ फोडला, सगळं अगदी निवांत. चहा गाळून कपात ओतल्यावरच दाराकडे तोंड करून हाक मारली, "या आत. चा निवतोय."

मामा आत आले. आधी त्यांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, डब्याकडे नंतर. "कुठं अडलं?" त्यांनी विचारलं, आणि त्या दोघांचं बोलणं सुरू झालं ते मी घरी आले, कुकर लावला, आमची जेवणं झाली, तरी भिंतीपलीकडे चालूच होतं.

त्या दिवाळीला डबे पुण्याला गेले. किती खपले ते मामांनी कधी विचारलं नाही, समजवायला कुणाच्या घरी मात्र जावं लागलं नाही. पुढे आमची बदली झाली. मामा गेल्याचं कळलं तेव्हा मी भिंगारला जाऊन आले. अनुसयाबाई आता खिडकीशी, मामांच्या जागेवर बसत होत्या. निघताना त्यांनी माझ्या हातात एक डबा दिला. मी नकळत तो कानाशी नेला, तेव्हा आम्हा दोघींनाही रडू फुटलं.

तो डबा अजून माझ्याकडे आहे. घरी कुणी कोरा माणूस आला की मी तो त्याच्यापुढे ठेवते आणि चहा टाकायला आत जाते. चहाला मी मुद्दाम वेळ लावते.